ट्रॅक्टर-मोटारीचा रंग : घासावा किती, जपावा किती?

तांदळाला पॉलिश कसे होते हे आमच्या गोंदिया जिल्ह्यातील माणसाला शिकवायला नको. गिरणीत धानाचे तूस निघाले की तांबूस तांदूळ पॉलिशच्या कोनात जातो. त्या कोनावर एमरीच्या, म्हणजे कुरुंदाच्या जातीच्या कठीण दगडाच्या कणांचा लेप असतो. तांदूळ त्यावर घासला जातो, वरचा कोंडा निघतो आणि दाणा पांढरा दिसू लागतो. त्याला कोणी पांढरा रंग दिलेला नसतो, उलट त्याच्या अंगावरचे काही काढून घेतलेले असते. फार घासले तर कोंड्याबरोबर ब जीवनसत्त्व जाते आणि कणीही वाढते, हे गिरणीवाल्यास पक्के ठाऊक असते.

मोटारीच्या किंवा ट्रॅक्टरच्या रंगाला यंत्राने पॉलिश करतात तेव्हा असेच घडते. परंतु येथे पुष्कळांची समजूत उलटी आहे. डब्यातून काहीतरी काढून पत्र्यावर लावले, म्हणजे पत्र्यावर काहीतरी चढले, असे त्यांना वाटते. म्हणून दर दिवाळीला आणि लग्नसराईच्या तोंडावर गाडी 'रबिंग'ला देण्याची चाल पडली आहे. चार-पाच वर्षांत कडांचा रंग उडतो, पत्रा उघडा पडतो आणि मग दोष रंगाला दिला जातो.

आता पॉलिशचे यंत्र काही हजार रुपयांत मिळते. खेड्यापाड्यांतील होतकरू मुले ते घेऊन धंदा करू लागली आहेत, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. घरच्या गाडीपुरते यंत्र घेणारेही आहेत. ट्रॅक्टर काय किंवा मोटार काय, बहुतेकांची कर्जावर आलेली असते आणि विकताना किंवा बदलताना गिऱ्हाईक आधी रंगाकडेच पाहते. तेव्हा हे काम कसे करावे आणि कोठे थांबावे, हे दोघांनाही माहीत असणे बरे.

कारखान्यातून निघालेल्या आजच्या मोटारीच्या पत्र्यावर साधारणपणे ४ थर असतात. सर्वांत खाली गंज रोखणारा थर, त्यावर अस्तर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर. या वरच्या थराला क्लिअर कोट म्हणतात. चारही थरांची मिळून जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सगळा रंग मिळून झेरॉक्सच्या एक-दीड कागदाएवढा, आणि त्यातील चमक देणारा पारदर्शक थर ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही बहुधा पातळ! उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण हाच थर करतो. जाड कंपाउंडने एकदा घासले की त्यातील काही मायक्रॉन जातात, ते परत येत नाहीत. थर फारच पातळ झाला की नवतप्याच्या उन्हात पांढुरके चट्टे पडतात आणि तो सालपटासारखा सुटू लागतो. मग पुन्हा रंग मारण्यावाचून इलाज उरत नाही.

पुष्कळ ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि जुन्या जीपगाड्या यांना असा पारदर्शक थर नसतो. रंग हाच सर्वांत वरचा थर असतो. उन्हाने त्याचे राळेसारखे बांधणारे द्रव्य झिजते, रंगाचे कण मोकळे होतात आणि हात फिरवला की खडूसारखी भुकटी लागते. लाल ट्रॅक्टर गुलाबी दिसू लागतो तो यामुळेच. अशा रंगावर पॉलिशचा परिणाम फार चांगला होतो, कारण वरची मेलेली भुकटी निघून खालचा ताजा रंग उघडा होतो. आपल्या गाडीला कोणत्या जातीचा रंग आहे हे ओळखण्यासाठी आडबाजूला, सहसा न दिसणाऱ्या जागी, पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन हाताने चोळावे. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर रंग एकेरी आहे. फडके नुसते मळकट झाले तर वर पारदर्शक थर आहे असे समजावे. यंत्र हातात घेण्याआधी ही परीक्षा प्रत्येक गाडीवर करावी.

मुळात रंगावर ओरखडे येतात कोठून? काटेरी कुंपण आणि बाभळीच्या फांद्या सर्वांना दिसतात. पण उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसणारी बारीक वर्तुळे बहुतेक घरच्या फडक्याने पडतात. आमच्याकडे याला आणखी एक कारण आहे. १०० किलो धानामागे सुमारे २० किलो तूस निघते. उसना तांदूळ करणाऱ्या गिरण्यांच्या बॉयलरमध्ये ते जळण म्हणून वापरतात. जळलेल्या तुसाची सुमारे पाचवा हिस्सा राख होते, आणि त्या राखेत शंभरात ८५ ते ९५ भाग सिलिका असते. वाळू आणि काच ज्या जातीच्या, त्याच जातीचे हे द्रव्य. आपल्या घरातील बाया राखेने भांडी घासून लख्ख करीत आल्या त्या काही उगाच नव्हे. गिरणीच्या बाजूने जाऊन आलेल्या, किंवा मळणीच्या खळ्यावर उभ्या राहिलेल्या गाडीवर हीच धूळ बसलेली असते. सकाळी उठून कोरड्या फडक्याने ती पुसली की आपण रोज थोडे थोडे पॉलिशच करीत असतो, तेही वेड्यावाकड्या हाताने. धुळीच्या गाडीवर कोरडे फडके फिरवू नये, हा एक नियम पाळला तरी अर्धे रबिंग वाचते. आधी पाणी सोडावे, धूळ वाहून जाऊ द्यावी आणि मगच हात लावावा.

पॉलिशच्या दिवशी तर धुणे अधिकच कसून व्हावे. दोन बादल्या घ्याव्यात, एकीत साबणाचे पाणी, दुसरीत फडके खळबळण्याचे. वरून खाली यावे, चिखलाची चाके आणि मडगार्डे शेवटी घ्यावीत. चिखलणी करून आलेल्या ट्रॅक्टरचा वाळलेला चिखल खरडू नये, भिजवून पडू द्यावा. बोअरच्या जड पाण्याचे थेंब अंगावर वाळले तर क्षारांचे पांढरे डाग पडतात, म्हणून सावलीत धुवावे आणि लगेच टिपून घ्यावे. डांबराचे ठिपके रॉकेलच्या बोळ्याने हलकेच काढून ती जागा साबणाने धुवावी. मोहाच्या झाडाखाली गाडी ठेवल्यास फुलांचा चिकट रस बसतो. तो आणि पक्ष्यांची विष्ठा या दोन्ही गोष्टी जितक्या लवकर ओल्या फडक्याने निघतील तितके बरे, कारण विष्ठेतील आम्ल उन्हात रंगात खड्डा पाडते. गाडी सुकल्यावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बोटे पत्र्यावरून फिरवावीत. नुसत्या हाताला न जाणवणारी खरखर पिशवीतून चटकन जाणवते. ती खरखर गाड्यांच्या दुकानात मिळणाऱ्या क्ले नावाच्या मऊ मातीच्या वडीने, साबणाचे पाणी शिंपडत, काढून घ्यावी. ती तशीच राहिली तर पॉलिशच्या पॅडखाली येऊन नवे ओरखडे पाडते.

नंतर पाहणी करावी. ओरखड्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडकले तर ओरखडा खोल आहे, तो पॉलिशने काढण्याच्या नादी लागू नये. त्याच्या तळाशी जायचे तर आजूबाजूचा सगळा रंग तेवढा खाली आणावा लागेल. जेथे गंज फुगून आला आहे किंवा रंगाचे पापुद्रे निघत आहेत तेथेही पॉलिशचा काही उपयोग नाही. ती जागा घासून, अस्तर देऊन रंगवावी.

आता कंपाउंडविषयी. या लेपात अतिशय बारीक, पण कठीण कण असतात, बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे. निसर्गात हेच द्रव्य कुरुंद म्हणून सापडते. हिऱ्याची कठीणता १० धरली तर कुरुंदाची ९ आणि गारगोटीची ७ भरते. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा होण्यापूर्वी ज्या भंडारा जिल्ह्याचा भाग होता, त्यातील पोहऱ्याच्या बाजूच्या खडकांत कुरुंद आढळतो. १८९१ साली अमेरिकेत ॲचेसन यांनी विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड बनवले. पाणीपेपरवरचे काळे कण ते हेच. कंपाउंडचा जाड, मध्यम, बारीक असा क्रम असतो. अनेक कंपाउंडांतील कण काम करता करता फुटून बारीक होत जातात, जात्यात आधी भरड निघावी आणि फिरवत राहिले की पीठ व्हावे, तसे. म्हणून लेप पुरता पातळ, जवळजवळ पारदर्शक होईपर्यंत यंत्र फिरवावे लागते. मध्येच पुसून टाकले तर भरड कणांचे धुरकट डाग राहतात, आणि लोक त्याला कंपाउंडची खोट समजतात.

यंत्रे दोन प्रकारची मिळतात. एक रोटरी, जे एकाच आसाभोवती गरगर फिरते. दुसरे दुहेरी गतीचे, त्याला कारागीर डीए म्हणतात. ते फिरता फिरता झोलही घेते, त्यामुळे एका जागी उष्णता साचत नाही. रोटरी लवकर कापते आणि लवकर जाळतेही. घरच्या माणसाने किंवा नव्या कारागिराने डीए यंत्रच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वेळ थोडा अधिक लागेल, एवढेच.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. लोखंड कापण्याच्या लहान ग्राइंडरला बफ लावून कोणीही गाडीच्या अंगाला लावू नये. तो ग्राइंडर मिनिटाला १०,००० च्या वर फेरे घेतो. पॉलिशला लागतात बहुधा १,००० ते १,५००. देवरी रस्त्यावरील एका गावात एका तरुणाने अशा ग्राइंडरने काकांच्या ट्रॅक्टरचे बॉनेट चमकवायला घेतले. पहिल्या मिनिटातच तळहाताएवढ्या जागेत अस्तर दिसू लागले. ट्रॅक्टर दोन हंगामांचाही नव्हता. यंत्र घेताना वेग कमीजास्त करण्याची चकती आहे ना, एवढे आधी पाहावे.

काम सुरू करण्यापूर्वी रबर, काळे प्लॅस्टिक, दिव्यांच्या कडा आणि पत्र्याच्या उंचवट्याच्या रेषा यांवर मास्किंग टेप लावावी. ही टेपसुद्धा गाड्या रंगवणाऱ्यांच्या अडचणीतूनच निघाली. अमेरिकेत त्या काळी दुरंगी मोटारींची आवड होती, आणि एक रंग झाकायला चिकटवलेला कागद काढताना रंगच उपटून येई. ते पाहून रिचर्ड ड्रू यांनी १९२५ साली हळुवार निघणारी ही टेप तयार केली. कडांवर टेप लावण्याचे कारण असे की, फवारलेला रंग कडेवरून ओघळून तेथे आधीच पातळ बसलेला असतो, आणि पॅडचा सगळा भार त्या अरुंद रेषेवर येतो. रंग जळतो तो बहुतेक वेळा कडेवरच.

मग बॉनेटवर किंवा दारावर फूटभर चौरस जागेची चाचणी घ्यावी. सुरुवात नेहमी सौम्य बाजूने करावी, म्हणजे मऊ फोमचे पॅड आणि बारीक पॉलिश. त्याने भागले तर पुढे जाऊच नये. नाहीच भागले तर मध्यम कंपाउंड घ्यावे, आणि लोकरीचे पॅड व जाड कंपाउंड अगदी शेवटी. गॅरेजमध्ये बहुधा उलटा क्रम असतो, कारण जाड कंपाउंडने दहा मिनिटांत फरक दिसतो आणि मालक खूश होतो. औषधाची मात्रा कमीत कमी देऊन पीक वाचत असेल तर अधिक फवारू नये असे आम्ही सांगतो, त्यातलेच हे.

पॅडवर वाटाण्याएवढे ४-५ थेंब पुरे. कंपाउंड आधी पॅडने जागेवर टेकवून पसरावे, यंत्र पत्र्यावर टेकवल्यावरच सुरू करावे आणि थांबल्यावरच उचलावे, नाहीतर लेपाचे शिंतोडे भिंतीपर्यंत उडतात. एका वेळी दीड-दोन फूट चौरसाहून मोठी जागा घेऊ नये. पॅड पत्र्यावर सपाट राहावे. यंत्र आडवे नेताना प्रत्येक पट्टा मागच्या पट्ट्यावर निम्मा यावा, नंतर तसेच उभे न्यावे. बांधीत वखर आडवा-उभा फिरवतो तसेच. हात सावकाश चालवावा, सेकंदाला एक-दीड इंच. घाईघाईने इकडेतिकडे फिरवल्यास कण नुसते लोळतात, कापत नाहीत. दाब यंत्राच्या वजनाला जेमतेम हाताची साथ देण्याइतकाच असावा. मात्र एका जागी क्षणभरही थांबू नये. मधूनमधून हाताचा उलटा पंजा पत्र्याला लावावा. कोमट ठीक, चटका बसला तर ताबडतोब थांबावे. प्लॅस्टिकच्या बंपरवर जास्तच सांभाळावे, कारण पत्र्यासारखी उष्णता ते वाहून नेत नाही आणि त्यावरचा रंग लवकर मऊ होतो. रोटरी यंत्र कडेजवळ न्यावेच लागले तर पॅडची फिरती बाजू कडेवरून बाहेर जाईल असे धरावे, कडेवर येऊन आदळेल असे नव्हे. वायर खांद्यावरून पाठीमागे टाकावी. उन्हात आणि तापलेल्या पत्र्यावर हे काम करूच नये, लेप वाळून चिकटतो. ओली जमीन, ओले हात आणि जोड दिलेली वायर हे तिन्ही एकत्र आले की काय होते ते वेगळे सांगायला नको.

पॅड दर एक-दोन चौकटींनंतर ब्रशने झाडावे. खाली मातीत पडलेले पॅड तसेच पुन्हा लावू नये, धुऊन सुकवूनच वापरावे. पुसायला जुन्या टेरिकॉटच्या शर्टाचा तुकडा नको, स्वच्छ मऊ मायक्रोफायबरचे कापड घ्यावे. शिवण आणि गुंडी असलेले कापड तर दूरच ठेवावे.

झालेले काम तपासताना थोडी चलाखी लागते. पुष्कळ पॉलिशमध्ये तेल असते. ते बारीक ओरखड्यांत भरून बसते आणि सगळे साफ झाल्यासारखे दिसते, दोन धुण्यांनंतर ओरखडे पुन्हा वर येतात. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल तेवढ्याच पाण्यात मिसळून पुसून घ्यावे, मग गाडी उन्हात आणून तिरक्या नजरेने पाहावी. रोटरीने केलेल्या कामावर इंद्रधनुष्यासारखे हलणारे पट्टे दिसले तर बारीक पॉलिशने आणखी एक सौम्य हात द्यावा लागतो.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. विकणारे चलाख असतात, आदल्या दिवशी तेलकट पॉलिश मारून गाडी आरशासारखी करतात. सकाळी, धुतलेली गाडी मोकळ्या उन्हात पाहावी. दारांच्या कडा आणि उंचवट्याच्या रेषा बोटाने चाचपाव्यात, तेथे फिकट किंवा वेगळ्याच रंगाची धार दिसली तर रंग घासून संपत आला आहे. लहानसे लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावर ठेवावे. जेथे ते चिकटत नाही तेथे खाली लांबीचा जाड थर भरलेला असण्याचा संभव असतो. बंपरसारख्या प्लॅस्टिकच्या भागांवर मात्र ही परीक्षा लागू नाही.

पॉलिश केलेला रंग उघडा असतो, त्याला मेणाचे किंवा सीलंटचे आवरण द्यावे. गाड्यांच्या मेणात वापरले जाणारे कार्नोबा हे ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरील मेण आहे. ते ८० अंशांच्या वर वितळते, म्हणून उन्हाळ्यातही टिकाव धरते. तरी ते काही आठवड्यांचे सोबती, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावावे लागते. मेण लावण्यात रंग झिजत नाही, म्हणून ते कितीही वेळा लावावे. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या बाबतीत आणखी एक सांगणे आहे. युरिया, पोटॅश यांची सांडलेली भुकटी हवेतील ओल ओढून घेते आणि खरचटलेल्या जागेतून पत्रा खाते. खते वाहिली की ट्रॉली त्याच दिवशी धुवावी. मात्र धुण्यासाठी गाडी बोडीच्या किंवा मामा तलावाच्या पाण्यात उतरवू नये. तेल, साबण आणि घासलेल्या रंगाचे पाणी मासोळीच्या आणि शिंगाड्याच्या पाण्यात जाऊ नये.

आणि हा घासलेला रंग म्हणजे नुसता मळ नव्हे. जुन्या पिवळ्या, नारिंगी आणि काही हिरव्या-लाल रंगांत शिशाचे क्रोमेट असते. आपल्या देशात शिशाची मर्यादा ९० पीपीएम ठरवणारे २०१६ चे नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले, पण ते घरगुती व शोभेच्या रंगांना आहेत. यंत्रे आणि वाहने यांचे रंग त्यांत येत नाहीत. म्हणून जुना ट्रॅक्टर कोरडा घासू नये. पाणी शिंपडून घासावा, नाकातोंडावर चांगला मास्क आणि डोळ्यांना चष्मा असावा, लहान मुलांना आणि गरोदर बाईला जवळ येऊ देऊ नये. शिसे मुलांच्या मेंदूला बाधते आणि ते धुळीवाटे पोटात जाते. काम झाल्यावर अंगावरचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत, वेगळे धुवावेत.

जनावरांचेही तेच. रंगाचे जुने डबे आणि पापुद्रे गुरांनी चाटल्याने शिशाची विषबाधा होते, हे पशुवैद्यकांना नेहमीचेच आहे. वासरे तर अशा वस्तू आवडीने चाटतात. आंधळेपणाने फिरणे, दात खाणे, झटके येणे ही त्याची लक्षणे. ती दिसताच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे आणि रंगाचा डबा चाटल्याचा संशय असल्यास तो आवर्जून सांगावा. पोळ्याच्या वेळी ट्रॅक्टरचा उरलेला ऑइलपेंट बैलांच्या शिंगांना फासण्याची लहर पुष्कळांना येते. त्यापेक्षा गेरू वापरावा. रंगाचा रिकामा डबा गोठ्यात पाणी पाजण्यासाठी तर कधीच ठेवू नये.